दहाव्या भागाच्या काचा

काचमास्तरांविषयी मी आजवर कुठे लिहिलं नाही आणि कुणाशी बोललोही नाही. घरात त्यांचं नाव निघालं की मी पाणी प्यायला उठतो, हे बायकोच्या लक्षात आलेलं आहे. का उठतो ते तिने एकदा विचारलं होतं. मी म्हणालो, तहान लागते. जे खरं कारण आहे ते एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि तो माणूस म्हणजे खुद्द मास्तर. त्यांनी ते कुणालाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मला इतकी वर्षं पाणी प्यावं लागलं नसतं.

मास्तर माणसाचं तोंड नंतर पाहत, आधी त्याची सावली पाहत. आपण त्यांच्या दारात उभे राहिलो की ते मान वर करायचेच नाहीत. जमिनीवर आपली जी काळी आकृती पडलेली असे तिच्याकडे बघून म्हणत, "काय गा, आज खांदे उतरले तुहे. सायबानं हाणलं का?" आणि बहुतेक वेळा साहेबाने खरोखरच हाणलेलं असे. एकदा मी नवीन चपला घालून गेलो तर सावलीवरून म्हणाले, "चावून राहिली वाटते डाव्या पायाले." मला हे गमतीचं वाटे तेव्हा. आता उन्हात चालताना मी माझ्या पुढे पडलेल्या सावलीकडे बघत नाही.

शिकवण्याशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. सिनेमाच्या मध्यंतरात पडद्यावर ज्या जाहिराती दाखवत, त्यांच्या काचा ते करत, म्हणून काचमास्तर. साडीचं दुकान, दंतमंजन, चष्म्याचं दुकान, 'कृपया विडी ओढू नये', 'हरवलेलं मूल मॅनेजरच्या खोलीत आहे'. नागपुरातल्या चार-पाच टॉकीजमध्ये त्यांच्या काचा जात. रॉकेलच्या चिमणीवर काच फिरवून तिच्यावर काजळी धरायची, आणि मग बांबूच्या दांडीत बसवलेल्या ग्रामोफोनच्या सुईने ती काजळी खरडत जायची. जिथे खरडलं तिथून उजेड जातो. रंग हवा असेल तर मागून पातळ रंगाचा हात. मी एकदा म्हणालो, "मास्तर, काय सुरेख उजेड काढता तुम्ही." ते हसले. "उजेड कोणालेच काढता येत नाही गा. काजळी पुसता येते, बस."

काच महाग आणि मिळायची मुश्किलीने, म्हणून जाहिरातीची मुदत संपली की काच परत येई आणि सोड्याच्या पाण्यात धुतली जाई. महाल भागातल्या त्यांच्या त्या दोन खोल्यांत मागच्या दाराशी एक बादली कायम असे, आणि तिच्या काळपट पाण्यात गेल्या पंधरवड्याचा सगळा बाजार विरघळलेला असे. स्वतःचं काम धुऊन टाकताना त्यांना कधी वाईट वाटलेलं मी पाहिलं नाही. "साडी विकून झाली ना तिची," म्हणत आणि काच खंगाळून उन्हात उभी करत.

काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, एकूण या धंद्याचं कौतुक बेताचंच होतं. "आमच्या घरचं दूध, चहा, अन् देवाची आरती, सगळ्याले रॉकेलचा वास," असं त्या सांगत. पण काजळी सगळीकडे सारखी धरायची तर चिमणीची वात काकूंनीच कापावी लागे. मास्तरांनी कापलेल्या वातीचा धूर ठिपक्याठिपक्यांनी बसे.

मी त्याच गल्लीत खोली घेऊन राहत होतो. सरकारी कचेरीत कारकून, वय पंचवीस-सव्वीस, आणि शहरातल्या एका साप्ताहिकात छापून आलेल्या तीन कथा. तीन. त्या तीन कथांच्या जोरावर मी स्वतःला काय समजत होतो ते आज सांगायलाही लाज वाटते. मास्तर मला 'कथाकार' म्हणत. त्यात थोडी थट्टा होती आणि थोडा खरा मानही होता. मी थट्टा तेवढी ऐकत असे.

एका मे महिन्यातली गोष्ट. चारचं ऊन होतं. बसस्टॉपवर एक जुना कडुनिंब होता, तो रस्ता रुंद करताना नुकताच तोडला होता. राहिला होता विजेचा खांब. त्या खांबाची जी सावली रस्त्यावर पडली होती, जेमतेम वीतभर रुंद, तिच्यात सात माणसं एकामागे एक, अंग चोरून, सरळ रेघेत उभी होती. पुढच्याची पाठ आणि मागच्याचं नाक. सूर्य सरकला की ती रांग न बोलता थोडी सरकत होती. मास्तर आणि मीही जाऊन मागे उभे राहिलो. मास्तर माझ्या कानाशी म्हणाले, "पाह्य गा कथाकार. साखरेची लाइन झाली, रॉकेलची झाली. आता सावलीची लागली."

तिथेच, त्या खांबाच्या सावलीत, 'सावलीचं रेशन' सुरू झालं. गल्लीच्या गणेश मंडळाला त्या वर्षी देखावा हवा होता. मास्तरांनी ठरवलं, पुठ्ठ्याचे राक्षस नकोत. आरतीनंतर रोज अर्धा तास पडद्यावर चित्रं दाखवायची, दहा संध्याकाळी दहा भाग, एकच गोष्ट. पुढे कधीतरी येणारं नागपूर. एकही झाड उरलेलं नाही, सूर्य मावळत नाही, आणि सावली सरकारच्या कोठारात बंद. कार्ड दाखवायचं, तासभर सावली घ्यायची, परत करायची. "चित्र माह्यं," ते म्हणाले, "गोष्ट तुही."

मी एक अट घातली. माझं नाव कुठेही यायला नको. सरकारी नोकरी आहे, मी म्हणालो. ते खोटं होतं. कचेरीत कुणी विचारलंसुद्धा नसतं. मला लाज वाटत होती. साप्ताहिकात छापून येणारा मी, आणि गणपतीपुढच्या चित्रांची गोष्ट लिहिणार? संपादकांनी काय म्हटलं असतं? मास्तरांना माझी सावली वाचता येत होती, तेव्हा त्यांना हे कळलं नसेल असं मला वाटत नाही. पण ते म्हणाले, "बरं. वाचतो मीच माइकवर. लोकाले काय, ज्याचा आवाज त्याचीच गोष्ट." आणि त्यांची शपथ घ्यायची जी रीत होती तशी त्यांनी घेतली. नुकती काजळी धरलेली काच पुढे ओढली, तिच्यावर तळहात टेकवला आणि उचलला. काळ्या काचेवर उजेडाचा पंजा उमटला. "घे. कोणालेच सांगत नाही."

आता त्या मालिकेविषयी. ती पाहिलेली माणसं अजून असतील, त्यांना आठवेल. मी आयुष्यात पुष्कळ सिनेमे पाहिले, पण त्या दहा फुटी चादरीवर जे पाहिलं तसं परत पाहिलं नाही. चित्रं पडद्यावर टाकणारे दोन दिवे होते. एक टॉकीजमधून मोडीत निघालेला, दुसरा मास्तरांनी तुपाच्या डब्याचा केलेला. एकावरचं चित्र विझत जाई तसं दुसऱ्यावरचं उमलत येई. माणसाची काच वेगळी, त्याच्या सावलीची वेगळी. एकावर एक ठेवून ते मागची काच केसाएवढी सरकवत, आणि पडद्यावर सावली माणसापासून सुटून चालायला लागे. सकाळच्या प्रहरी सफाईवाले येतात आणि रस्त्यावर सांडलेल्या सावल्या झाडून पोत्यात भरतात, असं एक चित्र होतं. त्या झाडूचा आवाज नव्हता, तरी लोकांना तो ऐकू आल्याचं ते सांगत. आणि ऊन. भिंगाच्या जरा खाली काकू पेटती चिमणी धरून बसत. तापलेल्या हवेने पडद्यावरचं सगळं शहर थरथरे, डांबरी रस्त्यावर दुपारी थरथरतं तसं. भाद्रपदातल्या ओल्या संध्याकाळी समोर बसलेली माणसं पदराने वारा घ्यायची. काकू म्हणायच्या, "अख्ख्या मोहल्ल्याले घाम फोडून राह्यले हे, अन् घरी पंखा नाही."

ही झाली चित्रांची बाजू. गोष्टीची बाजू माझी होती. पहिले चार भाग बरे होते, कारण ते आम्ही दोघांनी उन्हाळाभर बोलून बसवले होते. रखमा नावाची बाई घमेल्याखाली कडुनिंबाचं रोप लपवून वाढवते. त्याची सावली तळहाताएवढी. त्या तळहाताएवढ्या सावलीत ती आपल्या आजारी मुलाचं कपाळ ठेवते. तिसऱ्या भागात मुलगा जातो. इथवर लोक श्वास धरून बसत होते. पाचव्यापासून मी रोजचा भाग रोज लिहू लागलो, कचेरीतून आल्यावर, घाईने. माणसं वाढवली. कोठाराचा अधिकारी आणला, त्याच्या तोंडी तीन पानांचं भाषण घातलं. कुणाला काय हवंय तेच मला कळेना, म्हणून प्रत्येकाला खूप बोलायला लावलं. अर्धा तास चित्र थांबून राही आणि मास्तर घसा कोरडा पडेस्तोवर माझे शब्द वाचत राहत. पाचव्या संध्याकाळी पानठेल्यावर मी स्वतः ऐकलं, "चित्रं एक नंबर गा, गोष्ट बोगस."

सातव्या भागात तर मी रखमाच्या मुलाला पाणी आणायला पाठवलं. तो तिसऱ्या भागात मेला हे विसरलोच होतो. मास्तरांनाही दिवसभर टॉकीजचं काम होतं. माझा कागद हातात पडला तसा त्यांनी जुनीच मुलाची काच दिव्यात घातली. समोरून एक आजीबाई म्हणाल्या, "काहून गा मास्तर, हे पोट्टं तं तिसऱ्या दिवशीच मेलं ना?" हशा पिकला. मी मागच्या रांगेत मान खाली घातली. मास्तरांनी माइक एका हातात धरला. मग त्यांनी दुसऱ्या हाताने मुलाची काच हळूच काढून घेतली आणि फक्त त्याच्या सावलीची राहू दिली. पडद्यावर मुलगा विरला, सावली हंडा घेऊन उभी राहिली. "पोट्टं नाही आलं, आजी," ते म्हणाले. "सावली आली. मायले पानी पाजाले आली." हशा जागच्या जागी थांबला. कुणीतरी हुंदका दिला. त्या सगळ्या भागांतली सर्वात चांगली ती तीन वाक्यं माझी नव्हती.

घरी येताना लोक त्यांचे हात धरत होते. मी बाजूने चालत होतो. मला त्या वेळी काय वाटलं ते लिहायचं म्हणूनच हे सगळं लिहितो आहे. मला त्यांचे आभार वाटले नाहीत. मला त्यांचा राग आला.

त्याच आठवड्यात शहराच्या सदर भागातून सिनेमाचा एक वितरक येऊन दोन भाग पाहून गेला. तो म्हणाला, हे एकेका चित्राची छबी घेऊन फिल्मवर उतरवता येईल. विदर्भातल्या टॉकीजमध्ये मुख्य खेळाआधी दर आठवड्याला एक भाग. गोष्ट पक्की बांधून पुढल्या बुधवारी कचेरीत या. मास्तरांनी त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या सावलीकडे न बघता तोंडाकडे पाहिलं. "कथाकार," म्हणाले, "दंतमंजन सुटते वाटते आपलं." पन्नाशी गाठलेल्या त्या माणसाने तीस वर्षं दुसऱ्यांचा माल पडद्यावर मांडला होता. धुवावं न लागणारं एक काम त्यांना हातून व्हायला हवं होतं. तेवढीच त्यांची इच्छा होती.

दहाव्या भागाच्या काचा त्यांनी माझ्या कागदाची वाट न पाहता केल्या. तीस काचा. नवव्या दिवशी दिवेलागणीला घरातच चादर टांगून मला आणि काकूंना दाखवल्या. रखमाचं रोप अधिकारी उपटून नेतात. ती भर रस्त्यात उभी राहते. तिची सावली पडते, आणि एक म्हातारा येऊन त्या सावलीत बसतो. त्याच्या सावलीत दुसरा. त्या दुसऱ्याच्या सावलीत एक पोरगी. माणसांची रांग वाढत जाते, खांबाच्या सावलीतल्या रांगेसारखी, पण इथे खांबच नाही. शेवटच्या काचेत ती रांग चादरीच्या कडेबाहेर जाते. शब्द नव्हते. मी म्हणालो, "मास्तर, याला शब्द कशाला? असंच दाखवा." ते म्हणाले, "मुकं नाही दाखवणार. आपल्या दोघाची हाय ना हे. उद्या सकाळी दे लिहून, मी वाचतो."

सकाळी उठून मी पारशिवनीला बहिणीकडे निघून गेलो. ताप आल्याची चिठ्ठी गल्लीतल्या एकाजवळ दिली. ताप नव्हता. मला लिहिता येत नव्हतं एवढंच. त्या तीस काचांपुढे माझा एकेक शब्द खोटा वाटत होता, आणि ते त्यांना जाऊन सांगण्याऐवजी मी बहिणीच्या शेतात संत्र्याच्या झाडाखाली दोन दिवस पडून राहिलो. भरपूर सावली होती. इकडे मास्तरांनी माइकवर सांगितलं की भिंगाला तडा गेला, दहावा भाग होणार नाही. भिंग शाबूत होतं. लोक चुकचुकत घरी गेले, दुसऱ्या दिवशी गणपतीही गेले.

परत आलो तेव्हा संपादकांचा निरोप होता. शहरभर या चित्रमालिकेची चर्चा आहे, तुम्ही त्याच गल्लीत राहता, गुणदोष दोन्ही लिहून द्या. टोपणनावाने द्या हवं तर. मी टोपणनाव घेतलं आणि एका बैठकीत लिहिलं. आजवर माझ्या हातून इतकं सफाईदार काही उतरलं नव्हतं. चित्रांची स्तुती मनापासून केली. गोष्टीचे दोष एकेक करून दाखवले, भाषणं, गर्दी, मेलेला मुलगा, आणि त्यातला एकही दोष चुकीचा नव्हता. माझ्याइतके ते कुणाला ठाऊक असणार? फक्त शेवटी मी लिहिलं, 'चित्रकाराने चित्रेच काढावीत. गोष्ट सांगण्याचा मोह त्याने आवरावा.' लिहून झाल्यावर मला मोकळं मोकळं वाटलं. पानठेल्यावरचे शब्द आता कायमचे दुसऱ्याच्या नावावर जमा झाले होते.

रविवारी अंक आला. संध्याकाळी मास्तरांनी बोलावलं. ते मागच्या दाराशी पाटावर बसले होते, अंक मांडीवर. "वाचून दाखव गा," म्हणाले. "चष्मा नाही जवळ."

मी वाचू लागलो. काकू वाती कापत होत्या. चित्रांची स्तुती आली तेव्हा त्या म्हणाल्या, "बरा माणूस दिसते." मास्तर जमिनीकडे पाहत होते, माझी सावली पडली होती तिथे. गोष्टीचे दोष आले. मी वाचत गेलो. आणि मग एक वाक्य आलं जे लिहिताना मला काहीच वाटलं नव्हतं. 'अखेरीस रखमाच्या सावलीत माणूस आणि माणसाच्या सावलीत माणूस बसतो, ही कल्पना डोळे दिपवते. पण तिथवर जाण्याची वाट कथेला सापडलेली नाही.'

दहावा भाग कुणी पाहिलेलाच नव्हता. त्या काचा पाहिलेली माणसं जगात तीन, आणि ती तिन्ही त्या क्षणी त्या खोलीत होती.

मी ते वाक्य गाळलं आणि पुढचं वाचलं. माझा आवाज थोडासुद्धा अडखळला नाही, याची मला अजून भीती वाटते. शेवटपर्यंत वाचून अंकाची घडी घातली. मास्तर सावकाश म्हणाले, "एक ओळ राह्यली गा."

त्यांच्या सदऱ्याच्या खिशात चष्मा होता. तो मला तेव्हा दिसला.

काकूंनी वर पाहिलं. "कोणती ओळ?" मास्तर म्हणाले, "काही नाही. पोटातली हाय, राहू दे." मग जरा वेळाने माझ्याकडे न बघता, "बरोबर लिहिलं हाय त्यानं. खोटं काहीच नाही. चहा घेशील?" मी चहा घेतला. रॉकेलच्या वासाचा तो चहा मी पूर्ण प्यालो.

बुधवारी ते सदरला निघाले तेव्हा मला सोबत घेऊन गेले. का नेलं? मी पुष्कळ वर्षं विचार केला. आधी वाटे की मला शिक्षा म्हणून. आता वाटतं की मला एक संधी द्यायला. वितरकाच्या टेबलावर तोच अंक पडला होता. तो सभ्य माणूस होता, मराठी-हिंदी मिसळून बोलत होता. "मास्तर, चित्रात तुमचा हात धरणारा नाही. लेकिन पेपरवाला लिहितो, तुम्हाला कहानी सांगता येत नाही. मीही पाहिलं, पाचव्यानंतर पब्लिक चुळबुळ करते. पैसा तो कहानीवर लावावा लागतो ना? कहानी तुमचीच आहे ना?"

मास्तरांनी फक्त 'नाही' म्हणायचं होतं. गोष्ट या शेजारी बसलेल्या माणसाची आहे, याला काढा, दुसरा आणा. एका वाक्याने त्यांचं काम वाचत होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सावलीकडे नाही; त्या खोलीत ट्यूबलाइट होती, कुणाची सावली नीट पडत नव्हती. त्यांनी थांबून वाट पाहिली, बऱ्यापैकी वाट पाहिली. माझं तोंड उघडलं नाही. मग ते वितरकाला म्हणाले, "हो जी. माहीच हाय. मले चित्रच येते." आणि नमस्कार करून उठले.

परतताना आम्ही चालत आलो. ते मे महिन्यातल्या बसस्टॉपबद्दल, चिमणीच्या वातीबद्दल, कशाकशाबद्दल बोलत होते. माझ्या अपराधाबद्दल अवाक्षर नाही. घराजवळ आल्यावर म्हणाले, "तू लिहीत राह्य गा. तुले लवकर राग येते, बाकी हात चांगला हाय." टोमणा असता तर मी सहन केला असता.

पुढच्या आठवड्यात मी गेलो तेव्हा बादली भरलेली होती. नऊ भागांच्या काचा धुऊन झाल्या होत्या. दीडशेवर काचा ओळीने उन्हात उभ्या होत्या, स्वच्छ, आरपार. बादलीतल्या पाण्यात ते सगळं थरथरतं शहर, झाडूवाले, कोठार, हंडा घेतलेली सावली, सगळं काळं होऊन बसलं होतं. मी म्हणालो, "मास्तर, हे काय केलं?" ते म्हणाले, "दिवाळी आली. साड्यावाल्याले वीस काचा पाहिजे." काकू माझ्याकडे पाहत नव्हत्या. त्यांना मास्तरांनी सांगितलं नव्हतं, पण बायकांना काय सांगावं लागतं?

त्यानंतर मी त्या घरी कमी कमी गेलो. पुढच्या वर्षी खोली बदलली. माझ्या कथा छापून येत राहिल्या, एक पुस्तकही झालं. ते मी त्यांना दिलं नाही. टॉकीजमध्ये जाहिराती फिल्मवर आल्या आणि काचा बंद पडल्या. मास्तर दुकानांच्या पाट्या रंगवतात असं कळलं. एकदा सीताबर्डीवर शिडीवर उभे असलेले दिसले. खाली माझी सावली त्यांच्या शिडीच्या पायापर्यंत गेली होती. ते वर पाटीकडे तोंड करून होते, त्यांना मागचं दिसण्याचं कारण नव्हतं. तरी ब्रश थांबला. मी वळून दुसऱ्या बाजूने गेलो.

ते गेल्याचं मला तेराव्यानंतर समजलं. सहा महिन्यांपूर्वी काकूंनी निरोप धाडला, येऊन जा. केस पांढरे, डोळ्यांत मोतीबिंदू. घरात अजून रॉकेलचा वास होता. पलंगाखालून त्यांनी एक पत्र्याची पेटी ओढली. "हे तुहं ठेवणं हाय, बाबू. धुवाच्या वेळेस मी म्हटलं, हे बी धुऊन टाका. तं म्हणे, नाही वं, याची गोष्ट यायची बाकी हाय, कथाकार आणून देणार हाय." त्या थांबल्या. "मरेपर्यंत म्हणत होते. मी म्हणो, तो काहून येईल आता? तं म्हणे, येईल."

पेटीत तीस काचा होत्या, प्रत्येक कागदात गुंडाळलेली. सर्वांच्या वर एक एकतिसावी, दुसऱ्या काचेने झाकून कडांना पट्टी लावलेली. मी ती खिडकीशी धरली. समोरच्या भिंतीवर त्यांचा पंजा उमटला, पाच बोटं, तळव्यावरच्या रेषांसकट.

'सावलीचं रेशन' या मालिकेची चित्रं काचमास्तरांची होती. गोष्ट मी लिहिली होती. ती वाईट होती. तिच्यावरची समीक्षाही मीच लिहिली. एवढं छापून यावं म्हणून हा लेख.

पेटी माझ्या टेबलाखाली आहे. रोज संध्याकाळी एकेक काच उजेडाला धरतो आणि कागद पुढे ओढतो. अजून एक ओळही जमलेली नाही. दहाव्या भागाची गोष्ट मी त्यांना देणं लागतो.